निघण्याआधीचे बसणे

रक्ताचा डाग थंड पाण्यात, मिठाने धुवायचा असतो. गरम पाणी लागले की तो कापडात कायमचा वस्तीला येतो. ताइस्याला हे तिच्या सासूने शिकवले होते, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. तेव्हा आग्राफेनाने पेटीच्या तळातून एक जुना अभ्रा काढून दाखवला होता. मधोमध तपकिरी डाग, वाळलेल्या पानाएवढा. "हा लुकाचा. त्या वेळी मला अक्कल नव्हती, मी उकळतं पाणी ओतलं," एवढेच म्हणून तिने तो पुन्हा घडी घालून ठेवला होता. लुका म्हणजे तिचा नवरा. तिसऱ्या खाणीतला सर्वांत दणकट माणूस. खाणकामगारांच्या ताकदीच्या पैजेसाठी शेजारच्या गावी गेला, आणि एकेचाळिसाव्या वर्षी गाडीत आडवा होऊन परतला. निघण्याच्या आदल्या रात्री त्याच्या नाकातून रक्त आले होते.

म्हणून त्या गुरुवारी सकाळी अंगणातल्या दोरीवर एकटाच एक अभ्रा वाळत पडलेला दिसला, आणि त्याच्या शिवणीत अडकलेले मिठाचे कण ताइस्याच्या बोटांना टोचले, तेव्हा तिला कोणाला काही विचारण्याची गरज उरली नाही. ती तशीच उभी राहिली. खाणीच्या राखाडी ढिगाऱ्यावरून वारा खाली येत होता. अभ्रा फुगत होता, पुन्हा पोटाशी ओढला जात होता, जणू त्याच्या आत कोणीतरी झोपेत जड श्वास घेत आहे.

स्वयंपाकघरात आग्राफेना कोबीचे सारण भरलेल्या पिरोगाची कड चिमटीने दाबत होती. एकाहत्तर वर्षांची, काटकुळी, डोक्याला घट्ट रुमाल.

"आई, अभ्रा तुम्ही धुतलात?"

"बीट सांडलं होतं."

"उशीवर?"

"रात्री भुकेनं उठतो माणूस. तुझा नवरा आहे तो, चिमणी नाही."

"आणि बिटाला तुम्ही मीठ लावता."

म्हातारीची चिमटी क्षणभर थांबली, मग पुन्हा कडेने सरकू लागली. "तास्या," ती मान वर न करता म्हणाली, "आज त्याला निघायचंय. निघणाऱ्याच्या पायात कोणी दोरा टाकत नाही. एवढं तरी कळतं ना तुला, इतकी शिकलेली तू."

ताइस्या खाणीच्या दवाखान्यात परिचारिका होती. वीस वर्षे तिने जमिनीखालून वर आलेल्या माणसांचे हात धरले होते. कोणता हात उद्या पुन्हा खाली जाईल आणि कोणता जाणार नाही, हे तिला बोटांनी कळे. आपल्या घरातल्या सर्वांत मोठ्या हाताविषयी मात्र तिने महिनाभर स्वतःला काही कळू दिले नव्हते. थोरल्या दिराने, देम्यानने, सांगितले होते की प्रांताच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या नवऱ्याची, प्रोखोरची, तपासणी झाली, सगळे ठीक आहे. आणि तिने ते ऐकून घेतले होते, तहानलेल्याने पाण्याचा रंग न पाहता प्यावे तसे.

दोन वाजता भारोत्तोलन संघाची बस फाटकाशी येणार होती. साडेबाराला देम्यान आला. प्रोखोरचा थोरला भाऊ आणि त्याचा प्रशिक्षक. एके काळी स्वतःही वजने उचलणारा, आता पोट सुटलेला, पण खांदे अजून दारात अडकतील असे. त्याच्या पाठोपाठ आतल्या खोलीतून प्रोखोर आला, आणि नेहमीप्रमाणे खोली लहान झाली.

एकशे अठ्ठावन्न किलो. पुढच्या महिन्यात चाळिशी. दोनदा जगज्जेता. या घरात त्याच्यासाठी खुर्ची नव्हती. तीन मोडल्यावर लुकाच्या हातचे, खाणीतल्या टेकूंच्या लाकडाचे बाकच तेवढे त्याच्या वाट्याला उरले होते. त्यावर तो बसला की बाक कण्हत असे, आणि त्याची सतरा वर्षांची मुलगी झोया दर वेळी म्हणे, "आजोबा ओरडले." आजही ती म्हणाली. आज कोणी हसले नाही, आणि मुलीने गोंधळून सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले.

"उद्या दोनशे पंधरानं सुरुवात करू," देम्यान सूप ओरपत म्हणाला. "मग दोनशे तीस. तिसऱ्या खेपेला बघू, तो उरालचा पोरगा काय करतो ते."

"तो दोनशे चाळीस मागेल," प्रोखोर म्हणाला.

"मागू दे. मागायला काय जातंय. बावीस वर्षांचं पोर, अजून दाढी नीट येत नाही."

"दाढीनं नाही उचलत तो."

"काका, बाबा टीव्हीवर दिसतील ना?" झोयाने विचारले. "वर्गातल्या सगळ्यांना सांगून बसलेय मी."

"दिसतील म्हणजे? पडदा पुरला तर दिसतील."

आग्राफेनाने मुलाच्या ताटात पिरोगचा चौथा तुकडा ठेवला. प्रोखोरने तो मोडला, पण तोंडात घातला नाही. ताइस्याला ते दिसले. त्याचा चेहरा वरून लाल होता आणि ओठांच्या कडेला एक निळसर सावली होती. ही सावली कधीपासून इथे राहायला आली, आणि आपण तिला पाहुणी समजून कसे चालवून घेतले? ती उठली.

"मी कागद ठेवते पेटीत," ती म्हणाली.

बाकाच्या टोकाशी सुटकेस उघडी पडली होती. रुंद चामडी कमरपट्टा, मनगटांच्या पट्ट्या, दोन जोडी बूट, हुंगायच्या अमोनियाची चपटी बाटली. वरच्या कप्प्यात खेळाडूचे वैद्यकीय पुस्तक होते. तिने ते शेवटच्या पानावर उघडले. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. खाली निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात: रक्तदाब, एकशे तीस, ऐंशी.

तिने तो आकडा पुन्हा वाचला. मग ती भिंतीतल्या कपाटाशी गेली आणि दार उघडले. खिळ्याला रक्तदाब मोजायचा पट्टा लटकत होता.

बाजारात, दवाखान्यात, कुठेच प्रोखोरच्या दंडाला पुरेल असा पट्टा मिळत नसे. साधा पट्टा त्याच्या दंडाला अर्धाच वेढा घाली आणि हवा भरली की फाटकन सुटे. अकरा वर्षांपूर्वी ताइस्याने दोन पट्टे उसवून, आतले रबर चिकटवून, वरून जाड दोऱ्याने जोडून एक केला होता. प्रांताच्या दवाखान्यातही तपासणीला जाताना तो बरोबर न्यावा लागे. तिथले जुने डॉक्टर थट्टेने त्याला घोड्याचा तंग म्हणत. गेला महिनाभर तो या खिळ्यावरून हलला नव्हता. त्याच्या घडीत कोळशाची बारीक धूळ बसली होती, या गावात जे जे हलत नाही त्या सगळ्यावर बसते तशी.

तिने त्या धुळीवरून बोट फिरवले.

"देम्यान लुकिच," ती वळली. तिने त्याला वडिलांच्या नावासकट हाक मारली आणि त्याचा चमचा थांबला. इतकी अदब या घरात भांडणाच्या आधीच येई. "तपासणीला कोणता पट्टा लावला होता?"

"कोणता म्हणजे? त्यांचा."

"त्यांचा त्याला बसत नाही."

"नवीन आलाय मोठा. शहर आहे ते, तुझा खाणीतला दवाखाना नाही."

"नवीन कोणत्या रंगाचा होता?"

"मी काय रंग बघत बसलो होतो का? तास्या, माणूस जेवतोय. आत्ता हे काढायचं असतं का?"

"मग कधी काढायचं असतं?"

प्रोखोर ताटाकडे पाहत होता. त्याच्या एवढ्या मोठ्या देहात कुठेतरी लपायला जागा असेल तर तिकडे तो निघाला होता. मग झोया बोलली. तिला वाटले, आपण काकाची बाजू घेत आहोत.

"अगं आई, काका गेले होते ना आत. शिक्का मारायला. मी आणि बाबा बाहेर बाकावर बसलो होतो, सूर्यफुलाच्या बिया खात. केवढी रांग होती."

चुलीवर उकळते पाणी झाकण उडवत होते.

"शिक्का," ताइस्या म्हणाली.

"शिक्काच ना, काका?" झोयाने काकाकडे पाहिले, मग बापाकडे, आणि तिचे शेंगदाण्यासारखे गुलाबी कान हळूहळू पांढरे पडले.

देम्यानने चमचा खाली ठेवला. "ठीक आहे," तो म्हणाला. "मी बसलो त्याच्या जागी. आडनाव एक, नाक एक, डॉक्टर नवा, बाहेर साठ माणसांची रांग. त्यानं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. एकशे तीस, ऐंशी हे माझं आहे. अभिमानानं सांगतो, माझं आहे."

"आणि त्याचं किती आहे?"

"ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. तुला काय वाटतं, मी त्याला ओढत नेतोय? विचार त्याला. रोज पहाटे कोण माझ्या दाराशी उभं असतं, विचार. पुस्तकात खरा आकडा पडला असता तर त्याच दिवशी संघातून नाव गेलं असतं. मग उद्यापासून हा काय करेल? पोरांना हाताला लावायची खडूची पूड वाटेल? मेलेल्या घोड्यासारखा तबेल्यात उभा राहील?"

"मेलेला घोडा उभा राहत नाही," आग्राफेना एकदम म्हणाली.

प्रोखोर उठला. बाक मोकळा श्वास घेऊन सरळ झाले. "तास्या, जरा आत ये," तो म्हणाला.

आतल्या खोलीत पलंगावर उशी बिनअभ्र्याची पडली होती. त्याने दार लोटून घेतले आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या पाठीने सगळा उजेड अडवला.

"दादाला बोलू नकोस. मीच त्याच्या पाया पडलो."

"किती वेळा आलं रक्त?"

"तिसरी वेळ. आईला मी शपथ घातली होती."

"प्रोशा, तुझे वडील..."

"तेच सांगतोय." बाहेर देम्यान झोयाला हलक्या आवाजात काही समजावत होता. "बार छातीवर घेतला ना, की तो इथं बसतो, गळ्याच्या हाडावर. शिरा दाबल्या जातात. मग अंधार होतो. सगळ्यांनाच होतो, दोन सेकंद. पूर्वी मला त्या अंधारात काही दिसायचं नाही. आता बाबा दिसतात. बाकावर बसलेले, बूट घातलेले, निघायच्या तयारीत. काही बोलत नाहीत. नुसती जागा करून देतात, शेजारी."

ताइस्या पलंगाच्या कडेवर टेकली.

"आणि तरी तू जाणार."

"अंधार संपतो ना. मी उठतो, बार वर जातो, बाबा जातात. दर वेळी जातात." तो वळला. त्याच्या डोळ्यांत एका लहान मुलाची विनवणी होती, आणि तिला त्या विनवणीचे रक्तापेक्षा अधिक भय वाटले. "मी इथं बसून राहिलो तर ते जाणारच नाहीत, तास्या. इथंच बसतील. मला जागा करून."

तिला पुष्कळ बोलायचे होते. मेंदूतली एक शीर केवढी बारीक असते, एकशे अठ्ठावन्न किलोच्या माणसातही ती केसाएवढीच असते, हे तिला सांगायचे होते. संघाच्या प्रमुखाला फोन करीन, अशी धमकी तिच्या ओठांवर आली होती. पण खाणीच्या दवाखान्यात तिने पाहिले होते की बायकांनी ओरडून अडवलेले पुरुष दुसऱ्या पाळीला चोरून खाली उतरत. अडवणारा शब्द या माणसाला बायकोच्या तोंडून ऐकू येणार नव्हता. तो दुसऱ्या कोणाकडून यायला हवा होता, आणि ते कोण हे तिला ठाऊक होते. तिने उघड्या उशीकडे पाहिले.

"चल," ती म्हणाली. "बस येईल."

बाहेर येऊन तिने कपाटातून पाऱ्याचे यंत्र आणि जोडलेला पट्टा काढला आणि पदरात घ्यावे तसे दोन्ही छातीशी धरले. देम्यानने पाहिले. प्रोखोरने बूट चढवले, कोट घातला, मग काय वाटले कोण जाणे, तो काढून पुन्हा बाकावर ठेवला. सुटकेस बंद झाली. तेवढ्यात फाटकाशी बसचा हॉर्न वाजला.

"बसा," आग्राफेना म्हणाली.

या घरातून कोणीही लांब निघाले की त्याआधी सगळ्यांनी बसायचे, हे कोणी कधी शिकवले नव्हते. ते भाकरीसारखे घरात होतेच. बसायचे, गप्प राहायचे. आणि घरातले सर्वांत वडील माणूस उठून "चला, देवाचं नाव घेऊन" म्हणेपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही. जो आधी उठतो तो वाट मोडतो. देम्यान तीस वर्षे कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, पण या एका बाबतीत त्यानेही कधी थट्टा केली नव्हती. तो सुटकेसवर बसला. झोया दाराजवळच्या स्टुलावर. आग्राफेना चुलीपाशी, दोन्ही हात गुडघ्यांवर. प्रोखोर बाकावर बसला, आणि नकळत थोडासा सरकला. त्याच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी राहिली.

ताइस्या तिथे बसली.

भिंतीवरचे घड्याळ तेवढे आपले काम करीत होते. ताइस्याने यंत्र मांडीवर ठेवून झाकण उघडले. प्रोखोरने तिच्याकडे पाहिले. बोलता येत नव्हते, उठता येत नव्हते. मग त्याने स्वतःच सदऱ्याची बाही वर केली आणि तो प्रचंड दंड तिच्या पुढे धरला, जसा कोणी झाडाची फांदी वाकवून धरतो.

पट्टा बसला. तिने रबरी फुगा दाबला. पारा काचेच्या नळीत वर चढू लागला. दीडशे, दोनशे, त्याही वर. स्टेथोस्कोप कानात होता, त्यामुळे तिला घड्याळ ऐकू येईना, फाटकावरचा दुसरा हॉर्न दूर कुठेतरी दुसऱ्याच गावात वाजल्यासारखा वाटला. ती हवा सोडू लागली. आणि मग पहिला ठोका आला, इतका उंच, इतक्या लवकर, की तो त्याच्या दंडातला आहे की आपल्याच कानशिलातला हे तिला कळेना. तिने हवा पूर्ण सोडली. पुन्हा भरली. पुन्हा तोच ठोका, त्याच जागी.

काचेच्या नळीवर, जिथे तो ठोका भेटला होता तिथे, तिने अंगठ्याचे नख टेकवले आणि यंत्र म्हातारीच्या दिशेने वळवले.

आग्राफेनाला आकडे वाचायचा कंटाळा होता, पण दर रविवारी ताइस्या याच यंत्राने तिचाही दाब घेत असे, आणि आपला पारा नळीत कुठे असतो, कुठे गेला की सून दोन दिवस मीठ बंद करते, हे म्हातारीला नेमके ठाऊक होते. तिची नजर त्या जागेपासून वर निघाली. वर, आणखी वर. नखाशी पोहोचली आणि थांबली.

तिचा चेहरा बदलला नाही. फक्त गुडघ्यांवरचे हात उलटे झाले, तळवे वर, आणि ती त्या रिकाम्या तळव्यांकडे पाहू लागली. बत्तीस वर्षांपूर्वी याच चुलीपाशी ती अशीच बसली होती. समोर याच बाकावर लुका होता, आणि मागे दोरीवर उकळत्या पाण्याने बिघडलेला अभ्रा. त्या दिवशी हॉर्न नव्हता, घोड्याची खूर आपटण्याची घाई होती. आणि तिने फार वेळ लावला नव्हता. ती उठली होती. देवाचे नाव तिनेच घेतले होते.

तिसऱ्यांदा हॉर्न वाजला, लांब, चिडलेला. देम्यान सुटकेसवर चुळबुळला. त्याने आईकडे पाहिले, आता, आता, अशा नजरेने. त्याचे गुडघे अर्धे सरळ झाले. आग्राफेनाने मान वळवून त्याच्याकडे बघितले, आणि चोपन्न वर्षांचा तो माणूस, ज्याच्या एका शब्दावर खेळाडू लोखंडाखाली शिरत, पुन्हा खाली बसला.

फाटकाची कडी वाजली. कोणीतरी अंगणातून हाक मारली, "प्रोखोर लुकिच, झोपलात का?" झोयाने ओठ दाताखाली धरले. पावले काही वेळ घुटमळली, अभ्र्यापाशी थांबली असावीत, मग परत गेली.

प्रोखोर आईकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर घामाची एक रेघ उतरत होती. तो उठू शकत होता. त्याला रोखील असे त्या खोलीत काही नव्हते, चार माणसे, एक चूल आणि पाऱ्याची एक नळी. ताइस्याला त्याच्या मांडीतला स्नायू बाकाच्या लाकडावर ताणला गेलेला जाणवला, बार उचलण्याआधी ताणला जातो तसा. ती वाट पाहत राहिली.

"उठू नकोस," असे म्हातारीने म्हटले नाही. तिने डोक्याचा रुमाल सोडला, सगळ्यांसमोर, पूर्वी कधीही सोडला नव्हता तसा, आणि तो मांडीवर पसरून त्याची घडी घालू लागली. टोकाला टोक. मग पुन्हा टोकाला टोक. तिचे पांढरे, विरळ केस उजेडात अगदी उघडे पडले होते.

रस्त्यावर इंजिन गुरगुरले. बस निघाली. तिचा आवाज खाणीच्या वळणावर जाड झाला, मग ढिगाऱ्यामागे पातळ होत गेला आणि वाऱ्यात मिसळला. ताणलेला स्नायू हळूहळू सैल पडला. बाक कण्हले, आणि या वेळी झोया काही बोलली नाही. ताइस्याने दंडावरचा पट्टा सोडला नव्हता. तिने त्याचा पंजा हातात घेतला. तो बर्फासारखा थंड होता, आणि त्यात नाडी अजूनही धावत होती, कोणीतरी पाठीमागे लागल्यासारखी.

सूप वाडग्यांत गार झाले. आग्राफेना उठली नाही. आणि ती उठत नाही तोवर त्या घरातून कोणी कुठेही जाणार नव्हते.